लॉर्डबाईंची ओटी

त्या आमच्याकडे येणार हे ठरलं, तेव्हापासून चाळीत त्यांना लॉर्डीण म्हणायला लागले. मास्तरांची मास्तरीण, पाटलांची पाटलीण, तशी लॉर्डची लॉर्डीण. मी सांगून थकले की बायांनो, नवरा लॉर्ड म्हणून ही लॉर्डीण नाही; ही स्वतःच तिथे बसते, ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात, स्वतःच्या जिवावर. त्यावर खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "बाई असून लॉर्ड? मग लॉर्डबाई म्हणू." ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. आता मीसुद्धा तेच म्हणते. त्यांचं खरं नाव लांबलचक आहे आणि त्याच्या शेपटाला एका गावाचं नाव लावलेलं आहे. ते काही मी इथे लिहीत नाही.

मी परळला एका संस्थेत नोकरी करते. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की त्याचं सगळं करणारी एक बाई त्या घरात असतेच. बायको, सून, नाहीतर लेक. तिला कुणी विचारत नाही. आमची संस्था तिला विचारते. पेशंटची कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे शिकवते, आणि आठवड्यातून एक दुपार तिच्या जागी आपलं माणूस पाठवते. त्या दुपारी ती झोपते, बँकेत जाते, कुणी नुसतीच शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसते. लॉर्डबाईंचं सगळं आयुष्य याच कामात गेलेलं, म्हणून आमचं काम बघायला त्या येणार होत्या. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "त्यांचा परिचय मराठीत तुम्ही लिहा आणि दिवसभर दुभाषी म्हणून बरोबर राहा." माझ्यापेक्षा फाडफाड इंग्रजी बोलणारे ऑफिसात चिक्कार आहेत. पण लालबागच्या बायकांशी बोलायचं म्हटलं की सगळ्यांची बोबडी वळते, मग आठवण येते माझी.

परिचय लिहायला मी संध्याकाळी गॅलरीत लॅपटॉप घेऊन बसायची. आमच्या गॅलरीत संध्याकाळी पूर्वेकडून ऊन येतं. खोटं नाही सांगत. मागे काळाचौकीच्या अंगाला काचेचा टॉवर उभा राहिला, तेव्हापासून मावळतीचं ऊन त्याच्या काचांवर पडून परत फिरतं आणि आमच्या दारात येऊन बसतं. त्याला ताप नसतो, नुसताच रंग असतो. त्या उन्हात सगळंच जरा लांबचं वाटतं, दोरीवरचे कपडे, समोरच्या खोलीतली माणसं, आपला स्वतःचा हातसुद्धा. मसाल्याच्या गल्लीतून मिरच्या कुटल्याचा वास येत असायचा आणि स्क्रीनवर लॉर्डबाई बोलत असायच्या. लाल बाकांचं ते मोठं दालन, अर्धे बाक रिकामे, उरलेल्यांवर म्हातारे डुलक्या काढतायत, आणि या उभ्या राहून शांतपणे विचारतायत की जी बाई नवऱ्याला रात्रंदिवस उचलून ठेवते, तिची पाठ दुखली तर तिला कोण उचलणार. कुणी उठून उत्तर द्यायचं. या परत उठायच्या. परत तोच प्रश्न, जरा वेगळ्या शब्दांत. चिवट बाई. मला आवडली.

त्या जन्मल्या उत्तर इंग्लंडातल्या एका गिरणगावात. वडील मागावर, आई सूतखात्यात. तिथेही भोंगा व्हायचा, तिथेही घरं एकाला एक चिकटलेली, आणि तिथल्याही गिरण्या एक एक करून बंद पडल्या. त्या नर्स झाल्या. दवाखान्यातल्या नव्हे, सायकलवरून घरोघरी जाणाऱ्या. जखमा बांधायला जायच्या आणि जखमेपेक्षा जखम धुणाऱ्या बाईकडे जास्त बघायच्या. मग नगरपालिकेत निवडून गेल्या. बंद पडलेली बस परत सुरू करायला भांडल्या, वाचनालय वाचवायला भांडल्या, म्हाताऱ्यांच्या घरी जाणाऱ्या सेविकांच्या पगारासाठी तर वर्षानुवर्षं भांडल्या. शेवटी सरकारनं त्यांना थेट वरच्या सभागृहात नेऊन बसवलं, तहहयात. माझ्या आईला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "भांडान भांडान लॉर्ड झाली? मगे तू अजून कशी होवक नाय?"

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. ऑफिसातून आला, पंखा लावला, खुर्चीत बसला तो बसलाच. आम्ही दादरला राहायचो. मुलगी नोकरीला बंगळूरला. थोड्याच दिवसांत इकडे लालबागला बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, आई एकटी पडली. मी दादरच्या घराला कुलूप लावलं आणि माहेरी आले. लोक म्हणाले, बरं झालं, आईबापांना आधार झाला. कोण कुणाचा आधार होतं ते आमचं आम्हाला माहीत.

माझी आई चाळीतली सगळ्यात म्हातारी सवाष्ण. आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्याशिवाय सुरू होत नाही. कोकणातून लग्न होऊन आली तेव्हापासून ती रोज सकाळी आरशासमोर बसून आधी मेण लावते, मग चौथ्या बोटानं कुंकू टेकवते, गोल, ठसठशीत. बाबा गिरणीत होते तेव्हाही, संप झाला तेव्हाही, आणि आता ते कॉटवर पडून असतात तेव्हाही. ते कुंकू पुरं होईस्तोवर आमच्या घरात कुणी तिच्याशी बोलत नाही.

मी आले त्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आमच्या खोलीत हळदीकुंकू होतं. मी ऑफिसातून दमून आले आणि बायकांच्या रांगेत बसले, काही मनात न आणता. रोज टिकली लावते मी, ऑफिसात कुणी डोळे वर करून बघत नाही. आईची करंडा-पंचपाळं असलेली थाळी रांगेतून येत होती. माझ्या डावीकडच्या वहिनीला तिनं हळद लावली, कुंकू लावलं. मग तिचा हात माझ्या तोंडासमोरून गेला, बांगड्या वाजल्या, आणि उजवीकडच्या मुलीच्या कपाळावर टेकला. मला तिनं तिळगूळ दिला. म्हणाली, "गोड बोल." मी मोरीत गेले, नळ सोडला आणि ढसाढसा रडले. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. लोकांनी वगळलं असतं तर मी त्यांना चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण आईला काय सुनावणार? पुढच्या वर्षापासून मी त्या दिवशी मुद्दाम ऑफिसात उशिरापर्यंत बसायला लागले. आईनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तेवढी एक गोष्ट आमच्या दोघींच्या मध्ये तशीच पडून राहिली, आणि मी धरून चालले की माझी आई लोकांना घाबरते, लोक काय म्हणतील म्हणून स्वतःच्या लेकीला वगळते.

लॉर्डबाई आल्या त्या नेमक्या संक्रांतीनंतरच्या आठवड्यात. महिला मंडळानं लगेच ठरवलं, सकाळी त्यांनी एक घर बघायचं आणि दुपारी चाळीच्या हॉलमध्ये हळदीकुंकू, तिळगूळ आणि त्यांचं भाषण. आणि घर कुठलं? साहेब म्हणाले, "तुमच्याच वडिलांचं दाखवू या की. घरचा पेशंट, भाषांतराचीही सोय." वा! घरचं झालं थोडं! पण नाही म्हणता आलं नाही.

सकाळी थंडीचं धुकं का धूर कळेना, असं काहीतरी चाळीवर उतरलेलं होतं. त्यातून एक बुटकीशी म्हातारी बाई सपाट बुटांनी आमचे जिने चढून आली. गुडघे दुखत होते, प्रत्येक मजल्यावर थांबत होती आणि थांबली की दारातल्या माणसांकडे बघून हसत होती. पांढरे केस, साधं निळं जाकीट. चाळीतल्या पोरींचा विरसच झाला. त्यांना वाटलं होतं मुकुटबिकुट असेल.

दारात येऊन लॉर्डबाईंनी पहिली गोष्ट कुठली विचारली असेल, तर हात कुठे धुवायचे. मी मोरी दाखवली. त्यांनी कोपरापर्यंत बाह्या वर केल्या, साबण घेतला, बोटांच्या बेचक्या चोळल्या, डाव्या हातातली सोन्याची अंगठी फिरवून तिच्याखालीही चोळलं. आई दारातून बघत होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हात धुतल्यान गो तिना! आमचो डॉक्टर कधी धुणा नाय." आईच्या दरबारात याहून मोठी पदवी नाही.

मग दोघी बाबांच्या कॉटपाशी गेल्या. आई सांगू लागली आणि मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर लॉर्डबाईंनी हातानंच थांबवलं. खालची चादर ओली झाली होती. लॉर्डबाई कॉटच्या एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला. एकीनं बाबांचा खांदा धरला, दुसरीनं कंबर, एकमेकींकडे बघून मान हलवली आणि बाबा कुशीवर. चादर गुंडाळली, नवी पसरली, परत मान हलवली, बाबा दुसऱ्या कुशीवर. एक शब्द नाही. मी भिंतीला टेकून बघत राहिले. माझी आई आणि ब्रिटिश संसदेतली बाई, दोघी एकाच चादरीची दोन टोकं ओढून सुरकुत्या काढत होत्या, आणि मला वाटलं हे मी झोपेत बघतेय, आता कुणी हाक मारेल आणि जाग येईल. जाग आणली बाबांनी. त्यांची जीभ जड झालीय, तरी ते म्हणाले, "ही खयची नवीन नर्स? बरी आसा."

त्या खाली गेल्यावर आईनं मला धरलं. "घोव आसा मां तिचो?"

"मला काय माहीत? दोन मुलगे आहेत एवढं लिहिलंय. असं कुणाला विचारतात का आई?"

"इचारूक कित्या व्हया? आंगठी आसा बोटात. दुपारी मीच तिची ओटी भरतलंय."

आईचा हिशेब सरळ होता. आपलं मंगळसूत्र, तशी त्यांची अंगठी. नवरा गेला की मंगळसूत्र उतरतं, म्हणजे अंगठीही उतरत असणार. अंगठी आहे, म्हणजे नवरा आहे. मलाही ते पटलं. पटलं म्हणजे काय, डोक्यात दुसरा विचारच आला नाही. आपण आपल्या मापानं जग मोजतो, त्याला कोण काय करणार?

दुपारी हॉल गच्च भरला. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली एक नवी नवरी, पताका, गुलाबपाण्याचा वास. मी माइकपाशी कडेला उभी राहिले. दुभाष्याला बसायचं नसतं, त्यामुळे रांगेत बसायचा प्रश्न मिटला. आईनं लॉर्डबाईंना पाटावर बसवलं. गुडघे दुखतायत तरी त्या बसल्या. आईनं हळद लावली, कुंकू लावलं, अत्तर लावलं. खण, नारळ, तांदूळ, बोरं, उसाचे तुकडे असं सगळं त्यांच्या गळ्यातल्या स्कार्फमध्ये घातलं, आणि वर गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. लॉर्डबाईंच्या गोऱ्या कपाळावर ते कुंकू इतकं लाल दिसत होतं की मला दुसरं काही दिसेना. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदम होतं, ते कसं ते मला सांगता येणार नाही.

मग लॉर्डबाई बोलायला उभ्या राहिल्या. ओटी तशीच पोटाशी धरलेली. त्या एक वाक्य बोलायच्या, मी मराठीत सांगायची. आईवडिलांच्या गिरणीबद्दल सांगितलं तेव्हा म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघून माना डोलवायला लागल्या. सायकल सांगितली, बस सांगितली, वरच्या सभागृहात डुलक्या काढणारे म्हातारे सांगितले, सगळ्या खदखदून हसल्या. आणि मग त्या सहज, त्याच आवाजात म्हणाल्या की हे सगळं मी पुस्तकातून शिकले नाही, माझे पती आठ वर्षं अंथरुणावर होते, मीच त्यांचं केलं, आणि मी सभागृहात गेले त्याच वर्षी ते वारले.

मी थांबले. हॉल माझ्याकडे बघत होता. समोर आई बसली होती, मांडीवर थाळी, बोटांना हळद, चेहरा नुसता फुललेला. मला वाटलं गिळून टाकावं हे वाक्य. 'पतींची सेवा केली' एवढंच म्हणावं, पुढचं सोडून द्यावं. कुणाला कळणार होतं? पण त्या बाईनं आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या हातावर ठेवली होती, ती मी टाकून कशी देऊ? आणि खरं सांगायचं तर मला रागही आला होता. आपण नवरा गेलेल्या बायकांनी असं काय केलंय, की आपलं नाव आलं की वाक्य गिळायचं? मी माइक तोंडाशी धरला आणि म्हणाले, "माझे पती वारले. मी विधवा आहे."

लॉर्डबाईंनी 'विधवा' शब्द उच्चारलाच नव्हता. तो मी घातला.

कुणीतरी "अगंबाई" म्हणालं. पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. लॉर्डबाईंना वाटलं आपल्या नवऱ्यासाठी सगळ्या हळहळल्या, त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली. आईचा चेहरा मात्र पाटीवरचं पुसावं तसा कोरा झाला. तिनं थाळी शेजारणीच्या मांडीवर ठेवली आणि उठून, भिंतीला धरत धरत, हॉलच्या बाहेर गेली. अध्यक्षीणबाई घाईघाईनं म्हणाल्या, "चालतं हो, परदेशी पाहुण्या आहेत त्या, त्यांना काय होतंय!" सगळ्या म्हणाल्या, हो हो, चालतं. परदेशी आहे म्हणून चालतं, आणि मी याच चाळीत जन्मले म्हणून चालत नाही. वा रे वा! माझ्या मस्तकात तिडीक गेली, पण हातात माइक होता.

संध्याकाळी लॉर्डबाईंना हॉटेलवर सोडायला मी गाडीतून गेले. गिरगाव चौपाटी आली तशी त्या म्हणाल्या, जरा उतरू या. वाळूत बसल्या, बूट काढले. समुद्र आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचं झालं होतं, मधली रेघ कुठे गेली कळत नव्हतं. एक बोट त्या नसलेल्या रेघेवर नुसती टांगलेली होती. त्यांनी शेंगदाण्याची पुडी घेतली आणि विचारलं, "मी काय चुकीचं बोलले?"

मी सगळं सांगितलं. कुंकू म्हणजे काय, ओटी म्हणजे काय, अंगठी बघून आईची फसगत कशी झाली. त्यांनी कपाळाकडे हात नेला. पुसू का, असं विचारत होत्या. मी म्हटलं, नको. त्यांनी हात खाली घेतला आणि दुसरा प्रश्न विचारला, "माझ्यामुळे तुझ्या आईला त्रास होईल का?" मला त्यांचं सगळं आयुष्य त्या एका प्रश्नात दिसलं. जखम सोडून जखम धुणारीकडे बघायची सवय.

मग मी माझंही सांगितलं. तीन वर्षं कुणाला न सांगितलेलं त्या परक्या बाईला वाळूत बसून सांगितलं, तोंडासमोरून गेलेल्या बांगड्यांसकट. त्या म्हणाल्या, "म्हणून थांबलीस होय. मला वाटलं माझं इंग्रजी कळलं नाही." आणि आम्ही दोघी हसलो, हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी सांगितलं, त्यांच्याकडे कुंकू नसतं, पण जेवणाची टेबलं जोडप्यांची मांडतात. नवरा गेल्यावर आमंत्रणं बंद झाली. कुणी वाईट वागलं नाही, फक्त खुर्ची उरली नाही. सभागृहातल्या बाकावर तेवढी जागा होती, म्हणून तिथे जाऊन बसायला लागले, असं म्हणाल्या आणि शेंगदाणे खात समुद्राकडे बघत राहिल्या. हॉटेलच्या दारात उतरल्या तेव्हा ओटीचं गाठोडं पोटाशी होतं आणि कुंकू कपाळावर होतं.

मी घरी आले ती भांडायच्या तयारीनंच. आई बाबांच्या कॉटपाशी स्टुलावर बसली होती. स्वयंपाक केलेला नव्हता. दिवा लावलेला नव्हता. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू कित्या सांगलंस ता?"

"त्या बोलल्या ते सांगायलाच नेलं होतं मला. आणि काय झालं गं एवढं? विधवेला कुंकू लावलं म्हणून जग बुडालं? लोक काय म्हणतील याचीच भीती ना तुला? लोकांनी तर लगेच माफ केलं तुला, परदेशी आहे म्हणून! लेकीला मात्र..."

आईनं बाबांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग अगदी हळू, बाबांना ऐकू जाऊ नये अशी म्हणाली, "लोकांचा काय घेवन बसलंस? माका ह्येंचा भिया वाटता गो. तुझ्या कपाळाक बोट लावलंय, नि ह्येंका काय झाला तर? तुझो गेलो तसो माझोव गेलो तर? तीन वर्सां ह्याच भिया पोटात घेवन आसंय."

तीन वर्षं मी तिला लोकांना भिणारी बाई समजत होते. ती भीत होती मला. माझ्या कपाळाला. तेही माझ्यावर जीव असताना, रोज माझ्या डब्यात माझ्या आवडीची भाजी भरत असताना.

"आणि आज?" मी विचारलं.

"आज लावलंय मां तिका. ठावक नसताना लावलंय. दुपारपासून बघत बसलंय."

हसावं की डोकं आपटून घ्यावं? तेवढ्यात बाबांनी डोळे उघडले. बराच वेळ दोघींकडे बघितलं आणि जड जिभेनं म्हणाले, "काय बघतास माका? मेलंय नाय अजून. च्या दी." मी चहा केला. त्यांना तो पाणचट लागला. मग त्यांनी बांगड्याच्या कालवणाची चौकशी केली, केलं नाही कळल्यावर घरातल्या बायकांच्या आळसाबद्दल दोन शब्द ऐकवले. इतक्या चढ्या आवाजात ते महिन्याभरात बोलले नव्हते. आई स्टुलावरून हलली नाही. मी भात टाकला, दिवा लावला. रात्री झोपताना तिला म्हटलं, चल, आता आडवी हो. तिनं मानेनंच नाही म्हटलं.

सकाळी मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होते. बाबा उशांना टेकून बसलेले, दाढी करून घ्यायची नाही म्हणून हटून बसलेले. आई अंघोळ करून आरशासमोर बसली. मेण लावलं, कुंकू टेकवलं. मी सवयीनं गप्प राहिले. पण करंडा बंद झाल्याचा आवाज आला नाही.

"हय ये," ती म्हणाली. "बस."

मी बसले. माझी टिकली तिनं नखानं काढली आणि आरशाला चिकटवली. तिचे डोळे रात्रभराच्या जागरणानं लाल झालेले. मला वाटलं म्हणावं, आई, राहू दे, भीती वाटत असेल तर नको लावूस, मला कळलं तेवढं पुरे. मला खरंच तेवढं पुरेसं होतं. पण तिनं बोट कुंकवात बुडवलं होतं. तिचा हात माझ्या तोंडासमोर आला, बांगड्या वाजल्या. तिनं बोट माझ्या कपाळावर टेकवलं आणि त्याच क्षणी मान वळवून बाबांच्या छातीकडे बघितलं. छाती वर गेली, खाली आली, परत वर गेली. आई तशीच बघत राहिली, आणि तेवढा सगळा वेळ तिनं माझ्या कपाळावरचं बोट उचललं नाही.